अंबेची ओटी

"समुद्रगाय म्हणजे शेवटी गायच ना, डॉक्टरम्मा?"

वनखात्याचा रेंजर सूर्यनारायण फोनवर हे विचारत होता, तेव्हा ओरत्तनाडुच्या सरकारी दवाखान्यात मी एका खऱ्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभी होते. फोन कंपाउंडरने माझ्या कानाला धरला होता. गाय बाजारातली, म्हणजे मालक असूनही बेवारशी. कूस कापून मी आतून पिशव्या काढत होते. दुधाच्या, इडलीपिठाच्या, पार्सल सांबाराच्या. गाईला सांबार आवडतं, पण तिला पिशवीची गाठ सोडता येत नाही. ती बिचारी गाठीसकट गिळते. लोक मग तिच्याच शेपटीला हात लावून तो डोळ्यांना लावतात. माझं डोकं तिथेच फिरतं.

"गाय नाही," मी ओरडले. "ती हत्तीची चुलत बहीण. आणि मी त्या दोघींपैकी कोणाचीच डॉक्टर नाही."

"मग कोण आहे?"

या प्रश्नाला उत्तर असतं, तर मी गेले नसते. गाईला टाके घातले, हात धुतले आणि पट्टुक्कोट्टैमार्गे समुद्र गाठला.

आमच्या तंजावर जिल्ह्याला समुद्र आहे, हे तंजावरात राहणारे निम्मे लोक विसरलेले असतात. किनाऱ्यावर आमच्या मराठी सरफोजी राजांनी बांधलेला मनोरा आहे. तिकडे लांब युरोपात नेपोलियन हरला, म्हणून इथे बांधला. दुसऱ्याच्या घरचं बारसं आणि आपल्या घरी घुगऱ्या, असा आमचा जुना स्वभाव. त्या मनोऱ्यासमोरच्या उथळ पाण्यात समुद्रगवताची कुरणं आहेत आणि त्यांत समुद्रगाई चरतात. आता किती उरल्या आहेत ते विचारू नका, सांगताना लाज वाटते.

पिल्लाची आई मेलेली होती. कोणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात ती गुरफटली होती. समुद्रगाय मासा नव्हे, तिला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्याने तिला वर येऊ दिलं नाही. समुद्रात जन्मलेली ती समुद्रातच बुडून मेली. मी तिला किनाऱ्यावर उघडलं, तेव्हा पोटातल्या गवतात पिशव्यांचे तुकडे होते. विटलेले, कसले ते ओळखू न येणारे.

आणि पिल्लू जिवंत होतं. सेतुरामन नावाच्या कोळ्याच्या होडीला ते चिकटून बसलं होतं. होडीचं बूड म्हणजे आपली आई, अशी त्याने समजूत करून घेतली होती. सेतुरामन होडी हलवेना. "हिला सोडून कुठे जाऊ, डॉक्टरम्मा?" तो म्हणाला. मादी होती, अंगावर पिणारी. लांबीला माझ्या कमरेएवढी, रंग ओल्या राखेचा, डोळे मिरीच्या दाण्याएवढे. तिला वाचवायचं होतं, बस. दूध तुटलेलं समुद्रगाईचं पिल्लू माणसाच्या हाती सहसा जगत नाही, असं ज्यांना ज्यांना मी फोन केला त्या सगळ्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं. मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला.

सूर्यनारायणने उथळ पाण्यात बांबू रोवून, त्यांना काथ्याचं जाळं बांधून कोंडवाडा केला. मी दूध पावडर, तेल, क्षार असं मिसळून दूध बनवलं. पण ती पिईना. बाटली तोंडाशी नेली की तोंड फिरवायची. आम्ही समोरून, खालून, नळीने, बोटाने, सगळं करून पाहिलं. ती खंगत चालली होती आणि मला तर रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात माझी आई आली.

आई म्हणजे सुंदरीबाई, तंजावरच्या मेल वीधी गल्लीतल्या. सोवळ्याओवळ्याच्या इतक्या कडक, की माझ्या दवाखान्याच्या कपड्यांना घरात वेगळी दोरी. माशाचा वास आला तर बसमधली जागा बदलतील. मुलगी घरी येत नाही म्हणून डब्यात ताकभात आणि लोणचं घेऊन, हातात पिवळी मंजप्पै लटकवून त्या दोन बस बदलून थेट किनाऱ्यावर. ही कापडी पिशवी माझ्या धाकाने आलेली. गाईंच्या पोटातून काय काय निघतं ते मी घरी इतकं कानीकपाळी ओरडले होते, की आई भाजीवाल्याशीही भांडायची. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला कव्हर म्हणतात. "कव्हर नको रे, माझी लेक मला घरांत घेणार नाहीं!"

आईने कोंडवाड्याकडे पाहिलं. पदर नाकाला लावला. मग म्हणाली, "हिच्या आईचीं थानें कोठे होतीं गे?"

"काखेत," मी सांगितलं आणि सांगता सांगताच कपाळावर हात मारला. समुद्रगाईची थानं पुढच्या परांखाली, काखेतच असतात. मी हे कॉलेजात पाठ करून मार्क मिळवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते याहून खरं कधी झालं नसेल.

मी पाण्यात उतरून बाटली काखेत धरली. पिल्लू आलं, हुंगलं, निघून गेलं. सेतुरामनने धरली, तेच. मग आईने साडी खोचली. "सरक," म्हणाली. समुद्रात कमरेपर्यंत उभी राहिली, बाटली काखेत धरली आणि जात्यावर बसल्यासारखं काहीतरी गुणगुणायला लागली. पिल्लाने सोंडेसारखं नाक तिच्या काखेत खुपसलं आणि चुकचुक आवाज सुरू झाला. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अंबा," ती म्हणाली. "हिचें नांव अंबा."

त्यानंतर आई घरी गेलीच नाही. वनखात्याच्या खोलीत राहिली. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन यायचा. "तुझी आई घरीं येणार आहे, कीं समुद्रालाच दिली?" आईने सोवळं सोडलं नाही. पाण्यातून आली की डोक्यावरून आंघोळ, मग स्वयंपाक. पण अंबेला शिवायला तिला काही वाटेना. "ती गवत खाणारी गे," मला सुनवायची. "तुझ्या सेतुरामनापेक्षां सोवळी."

अंबा अंग धरू लागली. आता तिला गवत शिकवायचं होतं. सेतुरामन तळाचं समुद्रगवत उपटून आणायचा. आई त्याच्या जुड्या बांधायची, झावळीच्या पातीने, अगदी केवड्याची वेणी बांधावी तशा. मग पाण्याखाली हात धरून बोलवायची. अंबा यायची, जुडी ओठांनी ओढून घ्यायची आणि पातीसकट गट्ट. आईच्या हातातून पाण्यात जे हिरवं येतं ते आपलं, एवढं अंबेला पक्कं कळलं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातातून ती अजूनही काही घेत नव्हती. सूर्यनारायण त्यावरून आईला "समुद्रगाईची सासू" म्हणायचा. आई खोटं रागवायची.

मग ठरलं, की अंबेला आता पुढच्या खोल पाण्यातल्या कोंडवाड्यात न्यायचं, जिथे तळाशी गवत आहे आणि कधीमधी मोठ्या समुद्रगाई चरायला येतात. तिथे तिची त्यांच्याशी ओळख होईल आणि एक दिवस ती जाईल. आमच्या सगळ्या धडपडीचा अर्थच तो होता. आई जुड्या बांधत बसली. संध्याकाळी म्हणाली, "लेकीला रिकाम्या ओटीनें पाठवूं नये."

आमच्यात ओटीचं फार. तीनशे वर्षं तमिळ देशात राहून आमची पुष्कळ मराठी गेली, पण ओटी गेली नाही. लेक सासरी निघाली, ओटी. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी तिरुवैयारुला कावेरीला पूर आलेला असतो, तमिळ बायका पुजायला येतात, आमची आई त्यांच्यात उभी राहून कावेरीची मराठी ओटी भरते. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. आणि तिचे दोन नेम, जे मला बोलता यायच्या आधीपासून पाठ आहेत. दिलेली ओटी परत घ्यायची नाही. आणि पाण्याला ओटी दिली की मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर पाण्याला वाटतं, हिचा जीव अजून त्यात अडकलाय.

अंबेला हलवायच्या दिवशी मी सकाळपासून ओरत्तनाडुला होते, औषधं आणायला. परत आले तेव्हा आई किनाऱ्यावर बसली होती, डोळे लाल.

"दिली ओटी?" मी विचारलं.

"दिली. सेतुरामनाच्या होडींतून जाऊन समुद्राला दिली, ह्या कोंडवाड्यापाशीं, तिच्या अंगणांतच. म्हटलें, आतां ही तुझी लेक. सांभाळ."

"आणि मागे वळून बघितलं नाहीस?"

"नाहीं गे. फार वाटलें, पण नाहीं बघितलें."

मी हसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. अंबेला आम्ही दुपारी खोल पाण्यातल्या कोंडवाड्यात नेलं. आई होडीतून जाऊन दूध पाजत होती. सगळं छान चाललं होतं.

मग अंबेने दूध घ्यायचं थांबवलं.

आधी वाटलं, जागा बदलली म्हणून. मग ती तळाशी जाईना. जायला बघायची, शेपूट मारायची आणि बुचासारखी वर यायची. एका कुशीवर कलून तरंगायला लागली. पोटावर हात ठेवला तर टम्म. हे पोट मी ओळखत होते. असं पोट घेऊन माझ्याकडे रोज गाई येतात.

गाय असती, तर मी तिला उभी बांधून, कूस बधिर करून, कापून हात घातला असता. अर्ध्या सकाळचं काम. पण अंबेला उभी कशी बांधू? भूल दिली तर श्वास घ्यायला वर येण्याचं भान तिला राहणार नाही. न देता कापलं तर ती त्या यातनेनेच जाईल. आणि कापून शिवलं, तरी त्या जखमेवर समुद्र. मी सगळीकडे फोन लावले. सगळे एकच म्हणाले, तेल द्या, पोट चोळा, वाट बघा. वाट बघा म्हणणाऱ्यांचा मला इतका राग आला, की फोन पाण्यात फेकायला हात उचलला होता. समुद्रात आणखी एक प्लास्टिक, म्हणून फेकला नाही.

तिला परत उथळ पाण्यात आणलं. नळी घालून तेल पाजलं, खालून बस्ती दिली. पोट चोळून चोळून माझी बोटं वळेनाशी झाली. मग सेतुरामन चोळायचा, मग सूर्यनारायण. आईने तिचं डोकं हातांवर धरून ठेवलं होतं, नाक पाण्यावर राहावं म्हणून. ती पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. तोंडात अन्नाचा कण नाही.

"कांहीं तरी कर गे," ती म्हणत होती. "तूं एवढी शिकलीस. गाईंना वांचवतेस. हिला वांचीव."

"करतेय ना, आई!"

"मग हिला उतार कां नाहीं?"

मी ओरडले तिच्यावर. काय ओरडले ते आठवत नाही. ती अंबेच्या डोक्यावर ओंजळीने पाणी घालत राहिली. अंबा मधूनमधून तिच्या काखेत नाक खुपसायची. प्यायची नाही, नुसतं ठेवायची. किनाऱ्यावर कोळ्यांच्या बायका जमल्या होत्या. एकीने मारीअम्मनला नवस बोलला. आईनेही बोलला असणार, ओठ हलत होते. आमच्यापैकी कोणालाही यापेक्षा जास्त काही करता येत नव्हतं. ही गोष्ट किती वाईट असते, ते ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल.

भर दुपारी अंबेने एक लांब श्वास सोडला आणि पुढचा घेतला नाही. आई बराच वेळ तिचं नाक पाण्यावर धरून उभी होती. आम्ही तिला सांगितलं, तरी धरून होती.

आई आंघोळीला गेली आणि मी अंबेला पत्र्याच्या शेडमध्ये घेतलं. सूर्यनारायण म्हणाला, उद्या करू. मी म्हटलं, आत्ता. मला बघायचंच होतं. तिच्या आईच्या पोटातल्यासारखेच कसले तरी तुकडे असतील, जाळ्याचा धागा असेल, आणि मला शिव्या द्यायला कोणीतरी मिळेल. होडीवाले, हॉटेलवाले, सगळं जग.

आतड्याच्या तोंडाशी बोळा अडकला होता. मी तो सोडवून ट्रेमध्ये ठेवला आणि पाणी ओतलं. पारदर्शक पिशवी. तिच्या आत आणखी एक, दुकानातल्या घडीवर असते तशी. तिच्या आत पोपटी रंगाचा खण, लाल काठाचा. घडी अजून मोडली नव्हती. हळद, कुंकू, तांदूळ. दोन हळकुंडं, एक सुपारी. आणि पिशवीच्या तोंडाशी झावळीच्या पातीची गाठ, वेणी बांधावी तशी.

सूर्यनारायण माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. "काय आहे, डॉक्टरम्मा?"

"प्लास्टिक," मी म्हटलं. "रिपोर्टात तेवढंच लिहू."

ट्रे झाकायला मी कापड शोधत होते. खरंच सांगते, झाकणारच होते. जगात इतकं प्लास्टिक आहे, त्यातलं एक कोणाचं ते माझ्या आईला कळायची काही गरज नव्हती. पण कापड हाताला लागेपर्यंत ती दारात आली होती. केस ओले, हातात पिवळी मंजप्पै.

"हिला तशीच पुरूं नका," ती म्हणाली. "दुसरी ओटी आणून ठेविली होती मीं, बरी झाली म्हणजे द्यायला. ती भरतें आणि मग..."

पिशवीतून तिने ती काढली. पोपटी खण, लाल काठ. वर दुकानाचं पारदर्शक वेष्टण, त्यावर दुसरी पिशवी, तोंडाला पातीची गाठ. आणि तिची नजर ट्रेकडे गेली.

ती जवळ आली. हातातली ओटी तिने ट्रेमधल्या ओटीशेजारी धरली. बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

"होडींत मासे होते गे," ती शेवटी म्हणाली. अगदी हळू, मला नव्हे, ट्रेलाच समजावत असल्यासारखी. "म्हटलें, ओटी विटाळेल. कुंकू भिजून जाईल. सोवळ्यांत पोंचली पाहिजे. कव्हर कोरें होतें गे. नवीन. मीं धुवून घेतलें होतें."

"आई, तुला ठाऊक नव्हतं."

"हिरवें होतें," ती म्हणाली. "माझ्या हातांतून गेलें."

तिला सगळं कळलं होतं. कसं झालं असेल, ते तिने माझ्याआधी डोळ्यांपुढे आणलं होतं. ती नेमाने पाठ फिरवून होडीत उभी आहे, मागे वळून बघत नाही. आणि तिच्या मागे पाण्याखाली उथळ कोंडवाड्याच्या जाळ्यातून नाक काढून अंबा येते, आईची जुडी म्हणून ती ओढून घेते, गाठीसकट. वळून बघितलं असतं, तर हातानेच काढून घेता आली असती.

आई खाली बसली, सिमेंटच्या ओल्या जमिनीवर, नुकती आंघोळ केलेली. मांडीवर पदर पसरला.

"घाल," म्हणाली.

"काय?"

"ती. माझी आहे. घाल ओटींत."

"आई, दिलेली ओटी परत..."

"घाल गे!"

मी तो ओला बोळा उचलला. त्याला अंबेच्या पोटाचा वास होता. मी तो माझ्या आईच्या पदरात घातला. तिने पदराची गाठ मारली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

मग तिने वर पाहिलं.

"भुवना," ती म्हणाली, "मी कावेरीची ओटी दर आडींत भरतें. तुझ्या जन्माआधींपासून. केळीच्या पानांत बांधायची पद्धत केव्हांच सुटली. किती वर्षें मी कव्हरांतच..." तिने पदराची गाठ आवळली. मग बोलली. "कावेरी समुद्रालाच मिळते ना गे? हिच्या आईच्या पोटांत तुला काय मिळालें होतें, तें मला नीट सांग."

विटलेले तुकडे होते. कसले ते ओळखू आले नव्हते, आणि मी तेव्हा ओळखायचा प्रयत्नही केला नव्हता. मी तिला तसंच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून.